चार विषयांचा अर्ज



या सदरात आजवर सायंप्रार्थना, मुलांची शिस्त, सावकाराचे कर्ज, सासू-सुनेचे संबंध अशा विषयांवर आपण बोलत आलो आहोत. आजचा विषय थोडा निराळा आहे. तो मी शोधून काढलेला नाही. तो आपल्या पायांनी चालत साक्रिस्तीच्या दाराशी आला.

गेल्या महिन्यातील एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून मी झगा उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ आपल्या थोरल्या मुलीस घेऊन दारात उभे राहिले. मुलीच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. ही मुलगी संख्याशास्त्र घेऊन एम. एस्सी. करीत आहे. पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पार पडले. आता दुसऱ्या वर्षासाठी दहा ऐच्छिक विषयांतून चार निवडून पंधरा दिवसांच्या आत विभागात अर्ज द्यावयाचा होता. त्या चारांवरूनच तिची विशेष शाखा ठरणार होती.

"फादर," गृहस्थ म्हणाले, "ह्यातले नोकरीचे चार कुठले तेवढ्यावर खूण करून द्या. हिचा मामा पुण्याहून सांगतोय, डेटा सायन्सचं जे असेल ते सगळं घे, बाकीचं जुनं झालं. हिला ते पटत नाही. चार दिवस झाले, घरात कोण कोणाशी बोलत नाही."

मी मुलीस विचारले, "तुला काय घ्यावेसे वाटते?"

ती खाली पाहूनच म्हणाली, "सॅम्पलिंग आणि सर्व्हायव्हल ॲनालिसिस, फादर. पण कर्ज पप्पांच्या नावावर आहे."

या एका वाक्यात सारे काही आले. भाताचे पीक एकदा हातचे गेले की वर्षाचे गणित कोलमडते अशा घरातील ही मुलगी. तिच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले. धाकटी बहीण बारावीत. आणि शेजारपाजारचे लोक येता-जाता विचारणार की, मुलीस इतके शिकवून शेवटी काय? अशा वेळी विषयाची निवड ही तिची एकटीची गोष्ट राहत नाही.

मी त्या कागदावर खूण केली नाही. संख्याशास्त्राचे मला ज्ञान नाही. शिवाय ऐच्छिक विषय निवडण्याच्या बाबतीत माझा स्वतःचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. सेमिनरीत असताना एका वर्षी पुढील लॅटिन वाचन किंवा दुसरा एक हलका विषय यांतून एक घ्यावयाचा होता. कोणते गुरुजी परीक्षेत हात सैल सोडतात याची मी चौकशी केली आणि तो हलका विषय घेतला. आज आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या लॅटिनमध्ये आहेत. कोणी आपल्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास आले की मी ती वही काखोटीस मारून शेजारच्या धर्मग्रामातील वृद्ध फादरांकडे मोटारसायकलीवर जातो. ते हसतात आणि वाचून देतात. त्या हलक्या विषयातील एक ओळही आज मला आठवत नाही.

म्हणून मी त्या पितापुत्रींकडून एका आठवड्याची मुदत मागून घेतली. तेवढ्यात एका निवृत्त प्राध्यापकांस भेटलो, त्यांच्या दोन माजी विद्यार्थ्यांशी दूरध्वनीवर बोललो आणि रात्री थोडे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहितो. कारण आमच्या भागातून धारवाडला, कोल्हापूरला आणि आणखी लांब शिकावयास जाणारी मुले आता थोडीथोडकी नाहीत, आणि हाच प्रश्न इंदूरच्या किंवा हैदराबादच्या घरातही उठत असेल.

प्राध्यापकमहाशयांनी प्रथम मला एक गोष्ट बजावली. पहिल्या वर्षी जे शिकविले जाते, म्हणजे संभाव्यता, अंदाज बांधण्याचे आणि गृहीतक पारखण्याचे शास्त्र, रेषीय बीजगणित, रिग्रेशन, तोच या विद्येचा पाया. ऐच्छिक विषय म्हणजे त्या पायावर चढविलेल्या खोल्या. पाया कच्चा असेल तर कोणतीही खोली घेतली तरी ती गळणारच. "मुलगी पहिल्या वर्षाचे प्रमेय स्वतः मांडू शकते काय, तेवढे तिला विचारा," ते म्हणाले. "मांडता येत असेल तर कोणताही विषय तिला जड नाही. येत नसेल तर मामांनी सांगितलेला विषयही उपयोगाचा नाही." मी विचारले. तिला येत होते.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला अधिक महत्त्वाची वाटली. बहुतेक विद्यापीठांत पदवीपत्रावर 'संख्याशास्त्र' एवढेच लिहिलेले असते. ऐच्छिक विषय गुणपत्रिकेत राहतात. तेव्हा विषयाच्या नावाकडे पाहू नये. त्या विषयात रोज हाताने काय करावे लागते ते पाहावे. मग मी तोच धागा धरून त्या दहा नावांचा विचार केला.

सर्व्हायव्हल ॲनालिसिस हे नाव ऐकून मला काही बोध झाला नव्हता. परंतु अर्थ समजल्यावर वाटले, हे तर माझ्या कपाटातच आहे. ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंदवही ठेवण्याची आज्ञा धर्मगुरूंना दिली. बाप्तिस्म्याची आणि पुढे मृतांची वहीही तशीच रूढ झाली. आता समजा, पन्नास वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झालेल्या शंभर बालकांची आयुर्मर्यादा मला काढावयाची आहे. काहींची नोंद मृतांच्या वहीत सापडते. त्यांचे वय कळते. परंतु पुष्कळांची सापडत नाही. ती माणसे कोठे आहेत? काही आपल्याच घरी सुखरूप आहेत, काही मुंबईस गेली, काही आखातात, काहींचा ठाव कोणालाच नाही. मेलेल्यांचीच सरासरी घेतली तर आयुष्य फार तोकडे दिसेल. आणि न सापडलेले सारे जिवंत धरले तर फार लांब दिसेल. ज्याची हकीगत अर्ध्यावर तुटली आहे त्याला फेकून न देता, तो जेवढा काळ आपल्या नजरेखाली होता तेवढ्या काळाचा प्रामाणिक उपयोग कसा करावा, हे हा विषय शिकवितो. कॅपलन आणि मायर या दोघांनी १९५८ साली त्याची रीत सांगितली. डेव्हिड कॉक्स यांनी १९७२ साली ती पुढे नेली. कर्करोगाच्या नव्या औषधाने रुग्ण किती महिने अधिक जगले हे ठरविताना आज हीच पद्धत वापरतात, कारण तेथेही काही रुग्ण मध्येच गावी निघून जातात.

योगायोग असा की, या साऱ्या विद्येचा उगमही चर्चच्या वह्यांतच आहे. लंडनमध्ये जॉन ग्रॉन्ट नावाचा फिती-बटणे विकणारा एक व्यापारी होता. तेथील धर्मग्रामांचे कारकून दर आठवड्यास बाप्तिस्मे आणि दफने यांची यादी छापीत असत. लोक ती वाचीत आणि फेकून देत. ग्रॉन्ट यांनी अनेक वर्षांच्या याद्या एकत्र करून १६६२ साली पुस्तक लिहिले. मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात हे त्यांनी दाखविले, आणि शंभरांतील छत्तीस बालके सहा वर्षांची होण्यापूर्वीच जातात असा हिशेब मांडला. उत्तर आयुष्यात हे गृहस्थ कॅथलिक झाले. नोंदवहीत शाई सांडणाऱ्या आमच्यासारख्या धर्मगुरूंना त्यांचे नाव ठाऊक असावयास हवे होते.

सॅम्पलिंग म्हणजे नमुना पाहणी. हा विषय 'जुना झाला' असे मामांचे म्हणणे. परंतु वाचकहो, तुमच्या बांधावर तो दर हंगामास येतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरविताना पीक-कापणी प्रयोगाचे आकडे पाहिले जातात. सरकारी माणूस येतो, चिठ्ठीने निघालेल्या शेतात, चिठ्ठीनेच निघालेल्या जागी, दोऱ्या लावून चौकोन आखतो, बहुधा पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद, आणि तेवढेच पीक कापून, मळून, तोलून लिहून घेतो. आपल्याला वाटते, ही काय विद्या? परंतु याच चौकोनावरून आपल्या देशातील दोन थोर संख्याशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला होता. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये लहान वर्तुळाकार तुकडे कापण्याची रीत घातली; काम लवकर होई आणि खर्च वाचे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४६च्या सुमारास दाखविले की, तुकडा जितका लहान तितके उत्पन्न फुगवून दिसते. कारण साधे आहे. तुकड्याच्या कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. मोठ्या चौकोनात कडेची रोपे प्रमाणाने थोडी. लहान वर्तुळात फार. हे ऐकून मुलीचे वडील, जे तोवर गप्प बसले होते, एकदम म्हणाले, "म्हणजे फादर, आकडा फुगला तर पीक बुडालंच नाही असं होणार!" तसेच होणार. कडेच्या चार रोपांवर एखाद्या गावाची भरपाई अडू शकते, आणि ते ओळखणारे माणूस हा विषय शिकलेलेच असावे लागते.

हे सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून लंडनला गेले आणि पुढे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. इंदूरच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: सुखात्म्यांसमवेत शेतीच्या संख्याशास्त्रावर १९५४ साली प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे विनायक गोविंद पानसे यांनी आपल्या उमेदीची वर्षे इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत कापसावर काम करण्यात घालविली.

गुणवत्ता नियंत्रण हा तिसरा विषय. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामास जाणारे पुष्कळ जण आपल्या घरांत आहेत. कास्टिंग का परत आले, हा त्यांचा रोजचा प्रश्न. यंत्र खरोखर बिघडले आहे, की हा नेहमीचाच थोडासा चढउतार आहे, हे आलेखावरून ओळखण्याची रीत अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली घालून दिली. ज्याला घराजवळ राहून काम करावयाचे आहे त्याने या विषयाचा विचार अवश्य करावा. विमागणितात पैसा चांगला आहे, परंतु तेथे एम. एस्सी.ची पदवी पुरत नाही. विमागणितज्ञांच्या संस्थेच्या परीक्षा एकामागून एक अनेक वर्षे देत राहाव्या लागतात, आणि घरच्यांनी तेवढा धीर धरण्याची तयारी हवी. कालश्रेणी आणि अर्थमिती हे विषय बँका व बाजारभाव यांच्या कामाचे. लोकसंख्याशास्त्राबद्दल एवढेच सांगतो की, २०११ नंतरची जनगणना २०२१ ऐवजी २०२७ साठी जाहीर झाली आहे, आणि ती झाल्यावर कित्येक वर्षे त्या आकड्यांवर काम करणारी माणसे लागतील. भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र ऐच्छिक विषय निवडण्यापूर्वी त्या परीक्षेचा अभ्यासक्रम समोर ठेवावा. तिच्या शेवटच्या पत्रिकेत जे विभाग उमेदवारास निवडावे लागतात, त्यांपैकी दोन तरी वर्गात शिकलेले असावेत.

आता मामांच्या डेटा सायन्सकडे वळतो. मामा चुकीचे सांगत नव्हते. यंत्रास मागील आकडे दाखवून पुढील अंदाज बांधावयास शिकविणे, हे काम आज बँकांत, दवाखान्यांत, दुकानांत सर्वत्र मागितले जाते. माजी विद्यार्थ्यांपैकी जो बँकेत आहे तो म्हणाला, "फादर, दिवसाचे बरेच तास चुकलेली नावे, दोनदा आलेल्या नोंदी, रिकाम्या जागा हेच साफ करण्यात जातात. यंत्राला शिकविण्याचे काम त्या मानाने थोडे." त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. कर्ज कोणास द्यावे हे यंत्रास मागील कर्जांवरून शिकविले, आणि मागे खेड्यातील लोकांना कर्जे क्वचितच मिळाली असतील, तर यंत्रही खेड्यातील माणसास नाही म्हणावयास शिकते. आणि कोणी विचारले तर 'गणिताने ठरविले' असे उत्तर मिळते. तो दोष ओळखण्यासाठी नमुना कोठून आला, कोण त्यातून सुटले, हे विचारण्याची सवय लागते. म्हणजे पुन्हा तो 'जुना' विषय आलाच. तेव्हा मामांचा एक विषय घ्यावा, परंतु चारही त्यातलेच घेऊ नयेत, असे माझे मत झाले.

हैदराबादेत औषध कंपनीत असलेली दुसरी माजी विद्यार्थिनी हेच निराळ्या शब्दांत म्हणाली. तिच्या कामात संगणकाची भाषा येणे अनिवार्य आहे. जुन्या औषध कंपन्यांत 'सॅस' चालते, नव्या ठिकाणी 'आर' आणि 'पायथन'ही. परंतु भाषा शिकवावयास सहा महिने पुरतात, असे ती म्हणते. रुग्णांच्या दोन गटांची तुलना का फसवी ठरू शकते, हे समजावयास तिला दोन वर्षे लागली.

इथे एका धर्मबंधूची आठवण काढल्यावाचून मला राहवत नाही. ग्रेगोर मेंडेल हे गरीब शेतकऱ्याचे पुत्र. शिक्षणास पैसा नव्हता, तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातील काही भाग भावासाठी सोडला. (पुढे त्यांनी तिच्या मुलांच्या शिक्षणास मदत करून ते ऋण फेडले.) १८४३ साली ते ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. धर्मग्रामाचे काम त्यांस जमले नाही. आजाऱ्यांच्या बिछान्याशी गेले की ते स्वतःच आजारी पडत. शिक्षकाची परीक्षा दिली, तीतही नापास झाले. मठाधिपती नाप यांनी त्यांस दोष न देता १८५१ साली व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठविले. तेथे ते वनस्पतिशास्त्राबरोबरच पदार्थविज्ञान आणि गणित शिकले. त्या काळी झाडे अभ्यासणाऱ्यास गणिताची काय गरज, असेच कोणीही म्हटले असते. परत आल्यावर १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढविली. इतरांनी 'काही दाणे गोल, काही सुरकुतलेले' एवढेच लिहिले असते, त्यांनी मोजले. ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. आनुवंशशास्त्राचा जन्म त्या मोजणीतून झाला. वनस्पतीचा विषय आणि गणिताचा विषय एकाच डोक्यात आले नसते तर तीनास एक हे प्रमाण त्या बागेत दिसले नसते.

परंतु ही कथा इथे संपत नाही. १९३६ साली इंग्लंडचे रोनाल्ड फिशर यांनी मेंडेल यांचे सारे आकडे पुन्हा तपासले आणि म्हटले की, हे आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात; खऱ्या मोजणीत यापेक्षा अधिक वेडेवाकडेपणा असावयास हवा. मेंडेल यांच्यावर त्यांनी सरळ आरोप केला नाही. काय अपेक्षित आहे हे ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाने तसे केले असावे, असा त्यांचा तर्क. वाद अजून मिटलेला नाही, आणि मेंडेल यांचा नियम त्याने खोटाही ठरत नाही. मुलीस मी ही कथा सांगितली ती एवढ्यासाठी की, तिने कोणताही विषय घेतला तरी एक दिवस कोणी साहेब येऊन म्हणेल, आकडा थोडा सरळ करा. आठव्या आज्ञेत खोट्या साक्षीस मनाई आहे. कोष्टकात लिहिलेली साक्षही तीतच येते. कडेचे रोप कोणत्या बाजूस धरले हे तिने लिहून ठेवावे.

प्राध्यापकमहाशयांचा सल्ला असा पडला की, दोन विषय एकमेकांस धरून असलेले घ्यावेत, म्हणजे ज्ञान खोल जाते आणि प्रकल्पही त्याच वाटेने करता येतो. तिसरा हत्याराचा घ्यावा, ज्यात संगणकावर हात बसेल. आणि चौथा मनाचा. ज्याला पुढे पीएच. डी. करावयाची आहे त्याने चौथ्या जागी सिद्धान्ताचा कठीण विषय घ्यावा, मग गुण दोन कमी पडले तरी चालतील.

आईवडिलांनी काय करावे, असे पुष्कळ जण मला विचारतात. विषयाचे ज्ञान नसले तरी काही प्रश्न आपण विचारू शकतो. हा विषय कोण शिकविणार, कायम शिक्षक आहेत की नाव छापून जागा रिकामी आहे? त्या मुलीच्या यादीतील एक भपकेदार विषय दोन वर्षे शिक्षकांअभावी चाललाच नव्हता. ही गोष्ट वरच्या वर्गातील मुलांस विचारल्यावरच कळली. गणित फळ्यावरच होते की संगणकावर खऱ्या आकड्यांनिशी? गेल्या दोन वर्षांत तो विषय घेतलेली मुले आज कोठे आहेत? एवढे विचारावे आणि मग थांबावे. मामांस, काकांस, धर्मगुरूंसही थांबवावे.

मुलीच्या वडिलांच्या मनात आणखी एक भीती होती, ती त्यांनी शेवटी बोलून दाखविली. आता चूक झाली तर जन्माची चूक होईल. मी त्यांस सी. आर. राव यांची हकीगत सांगितली. १९२० साली हडगली येथे, म्हणजे आजच्या आपल्या कर्नाटकातच, जन्मलेले राव गणित शिकले. युद्धकाळात नोकरीच्या शोधात ते कलकत्त्यास गेले. ती नोकरी मिळाली नाही. परंतु तेथे वसतिगृहात भेटलेल्या एका माणसाने महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेची माहिती दिली, आणि १९४१च्या जानेवारीत ते तेथे रुजू झाले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये १०२ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत जगभरचे संख्याशास्त्रज्ञ त्यांस गुरुस्थानी मानीत. बाविसाव्या वर्षी भरलेल्या एका अर्जावर सारे आयुष्य अवलंबून नसते, एवढे त्यावरून गृहस्थांस पटले. कर्जाचा हप्ता मात्र त्या अर्जावर अवलंबून असतो, असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरे होते. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून हप्त्याचा हिशेब केला. पदवीनंतर किती महिन्यांनी हप्ता सुरू होतो, तेवढ्यात नोकरी न लागल्यास काय, धाकटीच्या प्रवेशाचे काय. असा हिशेब त्या घरात पूर्वी कधी झालाच नव्हता. सारे मनातल्या मनात भीत होते. कागदावर मांडल्यावर सहा महिने जास्त लागले तरी निभेल असे दिसले. वडिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "घे बाय, तुला पाहिजे ते घे. मामाला मी सांगतो."

तिने अर्ज भरला आहे. सर्व्हायव्हल ॲनालिसिस आणि क्लिनिकल ट्रायल्स हे एकमेकांस धरून. हत्यार म्हणून मामांचा यंत्रशिक्षणाचा विषय. आणि चौथा सॅम्पलिंग. मामा अजून थोडे रुसलेले आहेत, परंतु त्यांनी भाचीस आपला जुना संगणक पाठवून दिला आहे.

परवा ती पुन्हा आली. तिला प्रकल्पासाठी आमच्या बाप्तिस्म्याच्या आणि मृतांच्या वह्या हव्या आहेत. नावे झाकून, केवळ तारखा. मी म्हटले, वह्या ख्रिस्तसभेच्या आहेत, त्या मी मनास येईल तशा देऊ शकत नाही, आणि जिवंत माणसांची त्यात गुपितेही आहेत. बिशपमहाशयांच्या कार्यालयास पत्र पाठविले आहे. उत्तर यावयाचे आहे. तोवर जुन्या लॅटिन नोंदी वाचण्याचा प्रश्न उरतोच. ती म्हणाली, "फादर, तुम्ही वाचून दाखवाल ना?" मी तिला शेजारच्या धर्मग्रामातील वृद्ध फादरांचा पत्ता दिला.